विद्यापीठीय ऐतिहासिक वस्त्रसंग्रह : जतन आणि सूचीकरण

बीजसंज्ञा : वस्त्रसंग्रह, प्रतिबंधक जतन, दाखल क्रमांक, सूचीकरण, परिभाषा, न शिवलेली वस्त्रे

प्रस्तावना :

अन्न, वस्त्र आणि निवारा या मानवाच्या तीन मूलभूत गरजा मानल्या जातात. यांपैकी निवाऱ्याचे अवशेष शतकानुशतके टिकून राहतात, तर अन्न त्याच दिवशी संपते. वस्त्राची गणना या दोहोंच्या मध्ये करावी लागते. योग्य काळजी घेतल्यास ते काही शतके टिकू शकते आणि दुर्लक्ष झाल्यास एका पावसाळ्यात नष्ट होऊ शकते. शिवाय वस्त्र हे झिजेपर्यंत वापरण्याची आपली रीत आहे. जुन्या लुगड्याची गोधडी होते, गोधडीचे पायपुसणे होते आणि अखेरीस त्याचा मागमूसही उरत नाही. त्यामुळे सर्वसामान्यांच्या वेशभूषेचा इतिहास लिहिताना अभ्यासकाला शिल्पे, चित्रे, छायाचित्रे आणि वाङ्मय अशा अप्रत्यक्ष साधनांवर विसंबावे लागते. मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे अध्यापन करणारे डॉ. गो. स. घुर्ये यांनी १९५१ मध्ये 'इंडियन कॉस्च्युम' हा ग्रंथ प्रसिद्ध करून वेशभूषा हा समाजशास्त्रीय अभ्यासाचा गंभीर विषय आहे हे दाखवून दिले. परंतु या अभ्यासाचे मूळ साधन असलेली प्रत्यक्ष वस्त्रे जपून ठेवण्याचे काम विद्यापीठीय स्तरावर आपल्याकडे अपवादानेच झालेले दिसते.

अलीकडे अनेक महाविद्यालयांत वारसा कक्ष स्थापन होत आहेत. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर पारंपरिक कला व कारागिरी यांविषयीची आस्थाही वाढली आहे. घरातील वडीलधारी व्यक्ती निवर्तल्यावर पेटीतील जुनी पैठणी, अंगरखा किंवा पगडी महाविद्यालयास भेट देणारी कुटुंबेही भेटतात. मात्र भेट मिळालेली वस्त्रे कपाटात ठेवणे म्हणजे संग्रह नव्हे. ज्या वस्त्राची नोंद नाही ते काही वर्षांतच निनावी होते आणि ज्या वस्त्राचे जतन होत नाही त्याची नोंद तेवढी मागे उरते. या दोन्ही क्रियांचा परस्परसंबंध स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे :

१. विद्यापीठीय वस्त्रसंग्रहाचे स्वरूप व प्रयोजन स्पष्ट करणे.
२. ऐतिहासिक वस्त्रांच्या ऱ्हासाची कारणे व जतनाच्या पद्धती समजून घेणे.
३. वस्त्रांच्या सूचीकरणाची प्रक्रिया विशद करणे.
४. मराठी वस्त्रपरंपरेच्या संदर्भात आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या मर्यादा तपासणे.

प्रस्तुत लेखात वर्णनात्मक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे.

विद्यापीठीय वस्त्रसंग्रहाची परंपरा :

अमेरिकेतील विद्यापीठांत वस्त्रसंग्रहाची सुरुवात प्रामुख्याने गृहविज्ञान विभागांतून झाली. न्यूयॉर्क राज्यातील कॉर्नेल विद्यापीठाचा संग्रह याचे ठळक उदाहरण होय. १९१५ मध्ये तेथे वस्त्रविद्येचे अध्यापन करणाऱ्या ब्यूला ब्लॅकमोर यांनी विद्यार्थिनींना प्रत्यक्ष नमुने दाखवता यावेत म्हणून हा संग्रह सुरू केला. आज त्यात दहा हजारांहून अधिक वस्तू आहेत. अध्यापनाची गरज हेच त्याचे बीज होते, ही बाब लक्षात घेण्याजोगी आहे.

ओहायो राज्यातील केंट स्टेट विद्यापीठाचे संग्रहालय वेगळ्या मार्गाने उभे राहिले. वस्त्रनिर्मितीच्या व्यवसायातील भागीदार शॅनन रॉजर्स आणि जेरी सिल्व्हरमन यांनी सुमारे ४,००० वेश व वेशसाधने, सुमारे १,००० शोभावस्तू आणि ५,००० संदर्भग्रंथ विद्यापीठास दिले. विद्यापीठाच्या जुन्या ग्रंथालयाच्या इमारतीत १९८५ मध्ये संग्रहालय खुले झाले आणि त्याला जोडूनच वेशरचनेचा अभ्यासक्रम चालविला जातो. न्यूयॉर्क येथील फॅशन इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या राज्य विद्यापीठाशी संलग्न संस्थेचे संग्रहालयही १९६९ मध्ये अध्यापनाचे साधन म्हणूनच सुरू झाले.

या उदाहरणांवरून विद्यापीठीय संग्रहाचे वेगळेपण ध्यानात येते. सार्वजनिक संग्रहालयात वस्त्र काचेआड असते. विद्यापीठात विद्यार्थ्याला शिवण उलटून पाहायची असते, अस्तर तपासायचे असते, विणीतील धागे मोजायचे असतात. वस्त्र हाताळले तर झिजते आणि हाताळले नाही तर संग्रहाचे प्रयोजनच उरत नाही, असा हा पेच आहे. अनेक विद्यापीठे यावर एक व्यवहार्य तोड काढतात. संग्रहाचे 'कायम संग्रह' आणि 'अभ्यास संच' असे दोन भाग केले जातात. एकाच प्रकारचे अनेक नमुने असतील किंवा वस्त्र आधीच बरेच जीर्ण असेल, तर ते अभ्यास संचात ठेवून हाताळणीस उपलब्ध केले जाते. मात्र कोणते वस्त्र कोणत्या भागात आहे, हे सूचीत स्पष्ट नोंदविलेले असले तरच ही विभागणी टिकते.

संग्रहाचे आयुष्य संस्थेच्या इच्छाशक्तीवरही अवलंबून असते. इंग्लंडमधील वस्त्रजतनाचे प्रशिक्षण देणारे टेक्स्टाइल कॉन्झर्वेशन सेंटर १९७५ मध्ये केरन फिंच यांनी स्थापन केले. पुढे ते साउथॅम्प्टन विद्यापीठाचा भाग झाले आणि २००९ मध्ये विद्यापीठाने ते बंद केले. २०१० मध्ये ग्लासगो विद्यापीठात हे अध्यापन नव्याने सुरू झाले. विद्यापीठाचा आश्रय कायमचा असतो असे गृहीत धरता येत नाही, हे यातून दिसते. संग्रह स्थलांतरित झाला, तरी त्याची ओळख टिकवून ठेवणारी गोष्ट म्हणजे त्याची परिपूर्ण सूची होय.

वस्त्रांच्या ऱ्हासाची कारणे व प्रतिबंधक जतन :

वस्त्राचे जतन म्हणजे डाग काढणे वा फाटलेले शिवणे, असा समज सर्वत्र आढळतो. आधुनिक जतनशास्त्र दुरुस्तीपेक्षा प्रतिबंधावर भर देते. ऱ्हासाची प्रमुख कारणे पुढीलप्रमाणे सांगता येतील.

अ) प्रकाश : प्रकाशामुळे रंग उडतो आणि तंतू ठिसूळ होतात. ही हानी साठत जाते व ती भरून निघत नाही. वस्त्र अंधारात ठेवल्याने पुढील हानी थांबते, झालेली परत येत नाही. म्हणून प्रदर्शनात प्रकाशाची तीव्रता ५० लक्सच्या आसपास ठेवण्याचा संकेत आहे आणि काही महिन्यांनंतर वस्त्र पुन्हा अंधारात नेले जाते. खिडकीसमोरील काचेच्या कपाटात वर्षानुवर्षे टांगलेला शालू हा प्रदर्शनापेक्षा ऱ्हासाचाच नमुना ठरतो.

आ) आर्द्रता व तापमान : सापेक्ष आर्द्रता सतत ६५ टक्क्यांच्या वर राहिली की बुरशीचा धोका वाढतो. कोकण व मुंबईच्या पावसाळ्यात हा धोका नित्याचाच असतो. मात्र अचानक होणारे चढउतारही तितकेच घातक असतात. कार्यालयीन वेळेपुरते वातानुकूलन चालू ठेवून रात्री बंद केल्यास तंतू रोज आकुंचन व प्रसरण पावतात. त्यापेक्षा वातानुकूलन नसलेली, जाड भिंतींची, हवा खेळती असणारी आतील खोली अनेकदा अधिक सुरक्षित असते. कपाटे बाहेरच्या भिंतीला टेकवू नयेत आणि सर्वांत खालचा कप्पा जमिनीपासून काही इंच उंच असावा.

इ) कीटक : 'कसर लागणे' हा आपल्याकडील सर्वपरिचित अनुभव आहे. कपड्यांच्या पतंगाच्या व गालिचा भुंग्याच्या अळ्या लोकर, रेशीम, केस, पिसे यांसारख्या प्राणिज पदार्थांवर जगतात, तर चंदेरी रंगाची कसर खळ दिलेले सुती कापड खाते. म्हणून संग्रहात ठेवण्याच्या वस्त्रास खळ असू नये. डांबराच्या गोळ्या आरोग्यास अपायकारक आहेत आणि त्या कापडाच्या थेट संपर्कात आल्यास डागही पडू शकतात. कडुनिंबाचा पाला घरगुती साठवणुकीत रूढ असला, तरी तो वस्त्राला लागून ठेवल्यास डागाचा धोका असतो आणि वाळलेला पाला स्वतःच किडीला आश्रय देऊ शकतो. नवे वस्त्र काही आठवडे वेगळे ठेवणे, कपाटांची ठराविक काळाने तपासणी करणे व चिकट सापळे लावणे हे उपाय अधिक भरवशाचे आहेत. किडीचा प्रादुर्भाव आढळल्यास वस्त्र प्लॅस्टिकच्या पिशवीत हवाबंद करून उणे २० अंश सेल्सिअस तापमानात सुमारे दोन आठवडे ठेवण्याची पद्धत प्रचलित आहे. बाहेर काढल्यावर ते खोलीच्या तापमानाला येईपर्यंत पिशवी उघडू नये, अन्यथा कापडावर दव जमते. मणी, काचा वा रंगकाम असलेल्या वस्त्रांबाबत तज्ज्ञांचा सल्ला घेतल्याशिवाय हा उपाय करू नये.

ई) रासायनिक कारणे : काही वस्त्रांच्या नाशाचे बीज त्यांच्या निर्मितीतच असते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पाश्चात्त्य रेशमास वजन यावे म्हणून कथिलाच्या क्षारांची प्रक्रिया केली जात असे. असे रेशीम घडीवर चिरते आणि कालांतराने त्याचा भुगा होतो. लोहयुक्त रंगबंधक वापरलेले काळे व तपकिरी धागे इतर धाग्यांच्या आधी झडतात. पैठणीच्या बाबतीत जरीचा प्रश्न निराळा आहे. पारंपरिक जरीत रेशमी धाग्यावर चांदीची चपटी तार गुंडाळून तिला सोन्याचा मुलामा दिलेला असतो. हवेतील गंधकामुळे चांदी काळवंडते आणि एकाच घडीवर वारंवार दुमडल्याने तार तुटते. काळवंडलेली जर घरगुती उपायांनी उजळविल्यास मुलामा निघून जाण्याचीच शक्यता अधिक असते.

साठवणुकीचे साधे नियम :

वस्त्र वर्तमानपत्रात गुंडाळू नये, कारण तो कागद आम्लयुक्त असतो. आम्लमुक्त कागद उपलब्ध नसल्यास अनेकदा धुऊन खळ काढलेला, कोरा मांजरपाट हा स्वस्त व उत्तम पर्याय आहे. लांब, सपाट वस्त्रे, विशेषतः जरीची, कापड गुंडाळलेल्या रुंद नळीवर जरीची बाजू बाहेर ठेवून गुंडाळावीत. हे शक्य नसल्यास प्रत्येक घडीत कापडाची वळकटी घालावी आणि दर काही महिन्यांनी घडीची जागा बदलावी. जड नक्षीचे अंगरखे टांगू नयेत, आडवे ठेवावेत. वस्त्र धुऊ नये आणि इस्त्री करू नये. पाणी एकदा लागले की ते परत घेता येत नाही. बाजूच्या शिवणीत साठलेली माती किंवा पदरावरील हळदीचा डाग हाही पुरावाच असतो. हाताळताना हात स्वच्छ व कोरडे असावेत, अंगठ्या आणि बांगड्या काढून ठेवाव्यात.

एका मुद्द्याचा स्वतंत्र उल्लेख आवश्यक आहे. स्नेहसंमेलनात किंवा पारंपरिक वेशभूषा दिनी संग्रहातील वस्त्रे विद्यार्थिनींना नेसावयास देण्याचा मोह होतो. हेतू चांगला असला, तरी घाम, ताण व सुगंधी द्रव्ये यांमुळे काही तासांत होणारी हानी कित्येक वर्षांच्या साठवणुकीतही होत नाही. आंतरराष्ट्रीय संग्रहालय परिषदेच्या वेशभूषा समितीनेही संग्रहातील वस्त्रे कोणीही परिधान करू नयेत अशी भूमिका घेतली आहे. अशा प्रसंगी प्रतिकृती वापरणे हाच योग्य मार्ग आहे.

सूचीकरणाची प्रक्रिया :

सूचीकरणाची सुरुवात वस्त्र कपाटात जाण्यापूर्वीच व्हावयास हवी. प्रथम दात्याकडून लेखी देणगीपत्र घ्यावे. त्यात मालकी हस्तांतरित होत असल्याचा स्पष्ट उल्लेख असावा. असे पत्र नसल्यास पुढे वारसांकडून वाद उद्भवू शकतो. त्याच वेळी दात्याची मुलाखत घेऊन वस्त्र कोणी, केव्हा, कोणत्या प्रसंगी वापरले याची नोंद करावी. ही माहिती कापडात कोठेही लिहिलेली नसते आणि ती सांगणारी व्यक्ती बहुधा वृद्ध असते.

त्यानंतर दाखल क्रमांक द्यावा. ग्रंथालयातील दाखल क्रमांकाशी प्राध्यापकवर्ग परिचित आहेच. संग्रहालयांत साधारणतः तीन भागांचा क्रमांक वापरतात. उदाहरणार्थ, २०२४.७.३ म्हणजे २०२४ मधील सातव्या देणगीतील तिसरी वस्तू. एकाच वेशाचे अनेक भाग असल्यास त्यांना अ, ब, क अशी उपाक्षरे जोडावीत. हा क्रमांक सुती फितीवर टिकाऊ शाईने लिहून, फीत शिवणीच्या वा काठाच्या आतल्या बाजूस सैल टाक्यांनी टाचावी. टाचणी, डिंक, चिकटपट्टी किंवा कापडावर थेट शाई यांचा वापर कदापि करू नये.

प्रत्येक नोंदीत किमान पुढील बाबी असाव्यात : वस्तूचे नाव, स्थानिक नाव, दाखल क्रमांक, दाता, वापरणारी व्यक्ती व प्रसंग, प्रदेश, काळ व काळनिश्चितीचा आधार, धागा, वीण, रंग, तंत्र, मोजमापे, स्थिती, छायाचित्र आणि ठेवण्याची जागा. स्थितीविषयी 'ठीक' किंवा 'खराब' असे शेरे निरुपयोगी असतात. 'पदरापासून ४० सें.मी. अंतरावर वरच्या काठालगत ३ सें.मी. आडवी चीर' अशी नोंद असल्यासच पाच वर्षांनी झीज वाढली की नाही हे सांगता येते.

काळनिश्चिती करताना साधनांचा आधार घ्यावा लागतो. पर्किनने १८५६ मध्ये पहिला कृत्रिम जांभळा रंग शोधला, १८६९ मध्ये मंजिष्ठेतील रंगद्रव्य कृत्रिमरीत्या तयार करण्याची रीत सापडली आणि १८९७ मध्ये कृत्रिम नीळ बाजारात आली. शिवणयंत्राचे टाके एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापूर्वीच्या वस्त्रात अपेक्षित नाहीत. गिरणीच्या कापडाच्या टोकावरील छापाची नोंद करणेही महत्त्वाचे आहे. मुंबईच्या गिरणी उद्योगाचा प्रारंभ १८५० च्या दशकातील असल्याने असा छाप काळाची पूर्वमर्यादा निश्चित करतो. मात्र असा पुरावा वस्त्र 'याआधीचे नाही' एवढेच सांगतो. जुन्या लुगड्याला नवा काठ जोडण्याची प्रथा होती, त्यामुळे काठाचा काळ हाच अंगाचा काळ असेल असे नाही. रंगाची ओळखही केवळ नजरेने पटत नाही. म्हणून काळ नोंदविताना त्याचा आधारही नोंदवावा.

वर्गीकरण आणि परिभाषेचा प्रश्न :

एकाच वस्तूला दहा नोंदींत दहा नावे असतील, तर शोध अशक्य होतो. यासाठी नियंत्रित शब्दावली आवश्यक असते. रॉबर्ट चेनहॉल यांनी १९७८ मध्ये संग्रहालयीन वस्तूंसाठी नामावली तयार केली. तीत वस्त्रांचे पादत्राणे, शिरोवस्त्रे, बाह्यवस्त्रे, अंतर्वस्त्रे आणि पूरक साधने असे गट आहेत. वेशभूषा समितीने १९८२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पायाभूत शब्दावलीत स्त्रिया, पुरुष व बालके असे विभाग असून वस्त्र कमरेच्या वर, खाली की दोन्हीकडे येते हे तत्त्व स्वीकारले आहे.

या दोन्ही पद्धती प्रामुख्याने शिवलेल्या पाश्चात्त्य वेशासाठी घडलेल्या आहेत. मराठी वस्त्रांना त्या लावताना अडचणी येतात. परकर हे लहान मुलीचे बाह्यवस्त्र आहे, तर पाचवारी साडीच्या आत तेच वस्त्र अंतर्वस्त्र ठरते. नऊवारीत तर त्याची गरजच नसते. चोळी अंगाला लागून असते, पण ती झाकण्याची वस्तू नाही. मुकटा आणि धोतर यांचा आकार सारखा असला, तरी मुकट्याचे स्थान सोवळ्यात आहे आणि सोवळे ही वस्तू नसून अवस्था आहे. यावर उपाय म्हणजे 'वस्तूचे नाव' आणि 'वापर' हे रकाने स्वतंत्र ठेवणे. परकराचे नाव एकच राहील, वापराच्या रकान्यात वय व प्रसंगानुसार फरक नोंदविला जाईल.

याहून मूलभूत अडचण न शिवलेल्या वस्त्रांची आहे. कपाटात ठेवलेली नऊवारी म्हणजे सुमारे सव्वाआठ मीटर लांबीचे सपाट कापड असते. ते वस्त्र होते ते नेसल्यावर. निऱ्या किती, काष्टा कसा, पदर कोणत्या खांद्यावर आणि लुगड्याची उंची घोट्यापर्यंत की त्याहून वर, यांत प्रदेश, जात, व्यवसाय व काळ यांचा इतिहास सामावलेला असतो. डिसेंबर १९२७ मध्ये महाड येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी स्त्रियांपुढे केलेल्या भाषणात लुगडे नेसण्याच्या पद्धतीत बदल करण्याचे आवाहन केले होते, ही घटना सुविख्यात आहे. जातीची खूण बनलेली नेसण टाकून देणे ही त्या स्त्रियांच्या दृष्टीने मोठी कृती होती. परंतु त्या काळचे एखादे लुगडे आज संग्रहात आले, तर केवळ कापड पाहून यांतील काहीही कळणार नाही. नेसणीची रेखाटने, चलच्चित्रण आणि सांगणाऱ्या स्त्रीचे शब्द हे सूचीचे अविभाज्य अंग मानल्याशिवाय अशा वस्त्राची नोंद पूर्ण होत नाही. प्रात्यक्षिक अर्थातच दुसऱ्या कापडावर घ्यावे.

स्थानिक नावांचा रकानाही याच कारणाने महत्त्वाचा आहे. लुगडे, इरकल, खण, बाराबंदी, पागोटे, उपरणे, कुंची, टोपडे, दुपटे, वाकळ हे शब्द बोलीतून वेगाने नाहीसे होत आहेत. 'साडी' किंवा 'टोपी' असा एकच शब्द लिहून नोंद पूर्ण केल्यास वस्तू राहील आणि तिचे नाव हरवेल. सी-डॅक, पुणे या संस्थेने विकसित केलेली 'जतन' ही संगणक प्रणाली देशातील अनेक संग्रहालयांत वापरली जाते. मात्र संगणक नसल्यास बांधीव नोंदवही व छायाचित्रे यांवरही काम सुरू करता येते. नोंदींची एक प्रत ग्रंथालयात स्वतंत्र ठेवावी.

संग्रहातील पोकळी :

देणगीतून आलेला संग्रह समाजाचे यथार्थ चित्र देत नाही. लग्नातील शालू, पैठणी, भरजरी पगडी जपून ठेवली जाते. शेतमजूर स्त्रीचे ठिगळ लावलेले लुगडे, गिरणी कामगाराचा सदरा किंवा मेंढपाळाची घोंगडी कोणी भेट देत नाही, कारण ती जपण्याजोगी आहे असे वापरणाऱ्यालाच वाटत नाही. परिणामी संग्रह पाहणाऱ्या विद्यार्थ्यास गतकाळ केवळ रेशमाचा होता असे वाटू शकते. सूचीचा लाभ असा की ती काय आहे याबरोबरच काय नाही हेही दाखवते. प्रदेश, वर्ग व व्यवसाय यांनुसार नोंदी मोजल्या की पोकळी स्पष्ट होते आणि पुढील संकलनाची दिशा ठरवता येते. घरोघरच्या गोधड्यांत जुन्या लुगड्यांचे तुकडे टिकून आहेत, ही बाब या दृष्टीने दुर्लक्षून चालणार नाही.

निष्कर्ष व शिफारशी :

१. जतन व सूचीकरण या भिन्न क्रिया नसून एकमेकींस पूरक आहेत. नोंदीशिवाय जतन निरर्थक आणि जतनाशिवाय नोंद अपुरी ठरते.
२. प्रतिबंधक जतनास मोठ्या खर्चाची गरज नसते. अंधार, स्थिर हवा, स्वच्छता, मांजरपाट व नियमित तपासणी यांनी बरीचशी हानी टाळता येते.
३. संग्रहातील वस्त्रे परिधान करण्यास देऊ नयेत. अध्यापनासाठी स्वतंत्र अभ्यास संच असावा.
४. आंतरराष्ट्रीय शब्दावलीचा आधार घेतानाच मराठी नावे, वापर व नेसणीची पद्धत यांसाठी स्वतंत्र रकाने असावेत.
५. इतिहास, मराठी, समाजशास्त्र, गृहविज्ञान, रसायनशास्त्र व ग्रंथालयशास्त्र या विभागांनी एकत्रितपणे हे काम करावे. मुलाखतींची जबाबदारी विद्यार्थ्यांच्या प्रकल्पकार्यास जोडता येईल.
६. देखभालीची क्षमता नसल्यास देणगी नम्रपणे नाकारावी, अथवा दात्याच्या संमतीने सक्षम संग्रहालयाकडे पाठवावी.

वस्त्रे आणखी काही काळ टिकतील, परंतु ती नेसलेल्या, शिवलेल्या व विणलेल्या पिढीच्या आठवणी तेवढा काळ थांबणार नाहीत. म्हणून ज्या महाविद्यालयाकडे आज एकच पेटी आहे, त्याने ती उघडून पहिल्या वस्त्राची नोंद करण्यापासून आरंभ करावा आणि त्या नोंदीसाठी दात्याच्या घरातील ज्येष्ठ स्त्रीची भेट सर्वप्रथम घ्यावी.